उत्तर देणारी पेटी

हुलॉकच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की दर दहा मिनिटांनी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, ह्या माकडाची शेपूट कोणी कापली?"

मी आमच्या प्राणिसंग्रहालयाची शिक्षण अधिकारी आहे, म्हणजे अशा प्रश्नांना न चिडता उत्तरं देणं हेच माझं काम. मी सांगते की शेपूट कोणी कापली नाही, ती नसतेच. हुलॉक हा गिबन, म्हणजे माकड नव्हे, कपी आहे, गोरिला-चिंपांझींच्या गोतावळ्यातला, आणि भारताच्या रानात राहणारा एवढा एकच कपी आहे. नर काळाभोर, भुवया मात्र चुन्याचं बोट ओढल्यासारख्या पांढऱ्या. मादी तपकिरी. पिल्लू जन्मतं फिकट रंगाचं, मग मुलगा असो की मुलगी, काळं होतं, आणि मुलगी वयात आली की पुन्हा उजळते. इथवर आलं की बायकांमधली एखादी तरी विचारते, "कोणतं क्रीम लावते ती?" मी हसते. रोज हसते. नोकरीच आहे.

मग मी पुढचं सांगते. त्यांचे हात पायांपेक्षा लांब असतात, त्यामुळे झोके घेत घेत ते आख्खं रान पार करतात आणि जमिनीवर क्वचितच उतरतात. तहान बरीचशी फळांवर आणि पानांवरच्या दवावर भागते. पोहता येत नाही, म्हणून मोठी नदी ही त्यांच्या जगाची भिंत असते. आणि सगळ्यात शेवटी सांगते ते गाण्याचं. हुलॉक जोडीनं राहतात, बहुधा जन्मभर, आणि रोज सकाळी जोडीनं गातात. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं त्यात शिरायचं. दहा-पंधरा मिनिटं हे चालतं आणि किलोमीटरभर लांबून ऐकू येतं. गिबनांच्या इतर जातींत नराची आणि मादीची चाल वेगळी असते, हुलॉकांत दोघांचे सूर जवळजवळ सारखेच. त्यामुळे एक कुठे थांबला आणि दुसरा कुठे लागला हे पटकन कळत नाही. रानातल्या इतरांना त्यातून एवढंच कळवायचं असतं, की आम्ही दोघं आहोत आणि इथे आहोत.

आमच्याकडे दोघं होते. डिगबोई आणि तिनी. नागपूरपासून तासाभरावर, जुन्या दगडखाणीच्या जागेवर आमचं प्राणिसंग्रहालय आहे. आसामातल्या ओल्या रानातले हे जीव आमच्या उन्हाळ्यात तगावेत म्हणून आम्ही पिंजऱ्याला खसाच्या ताट्या लावायचो आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचो. ते तगले. रोज सकाळी गायले. मग एका फेब्रुवारीत तिनीला संसर्ग झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिगबोईनं गाणं सुरू केलं. गाण्यात तिनं शिरायच्या जागेपाशी आला, थांबला, तिच्या फांदीकडे पाहिलं. वाट पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबला. काही दिवस असंच चाललं आणि मग तो गायचाच बंद झाला. त्यानंतर खाणं सुटलं. आमचा सुखदेव नेवारे, जो या दोघांना पहिल्यापासून सांभाळत आला, तो पिंजऱ्यात बसून त्याला हातानं केळं भरवायचा. मला डिगबोईचं ते गाता गाता थांबणं बघवत नसे. माझे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मुलगा निहार कॅनडात, कॅलगरीला. मी जेवताना टीव्ही लावून बसणारी बाई. मला कळत होतं, एवढंच म्हणते.

*

रोहिणी उईके ही मूळची आमच्याच भागातली, ध्वनिशास्त्रातली इंजिनिअर, आणि बोलायला फटकळ. ती आली तेव्हा आम्ही एक प्रयोग करून हात पोळून बसलो होतो. तिनीच्या गाण्याची जुनी ध्वनिफीत लावून पाहिली होती. डिगबोई दोन दिवस खुश झाला, तिसऱ्या दिवशी त्यानं स्पीकरकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

"फिरवणारच," रोहिणी म्हणाली. "ध्वनिफीत त्याच्यासाठी थांबत नाही, मॅडम. तो लांबवतो तेव्हा ती पुढे निघून जाते, तो घाई करतो तेव्हा ती मागे राहते. त्याला दोन दिवस लागले हेच खूप झालं."

तिचं यंत्र वेगळं होतं. पिंजऱ्याच्या चारही कोपऱ्यांत माइक. ते डिगबोईचा प्रत्येक सूर ऐकणार आणि तो आता कुठे जाणार याचा अंदाज बांधणार. साथीला बसलेला तबलजी जसा गवयाची पुढची जागा आधीच ओळखतो, तसंच काहीसं. मग त्या जागेला बसेल असं उत्तर तिनीच्या आवाजात तिथल्या तिथे रचून वाजवणार. वाजवणार म्हणजे जुनं काही लावणार नाही, तर तिनीनं त्या क्षणी काय गायलं असतं ते नव्यानं गाणार. त्यासाठी यंत्राला तिनीची गायकी शिकवायला हवी होती आणि त्याचा साठा आमच्याकडे होता. शाळांच्या सहलींना ऐकवण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं या जोडीची गाणी ध्वनिमुद्रित करत आलो होतो.

स्पीकर तिनीच्या फांदीमागे बसवला. सुखदेवला सगळा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. "मेलेल्या जीवाचा आवाज काढून राहिले तुम्ही," तो म्हणाला. पण पहिल्या सकाळी डिगबोईनं सवयीनं 'हू-हू' अशी एक बारीक हूक दिली, आणि त्या फांदीमागून हूक आली, तेव्हा सुखदेवच्या हातातली फळांची पाटी तिरकी झाली आणि चिकू घरंगळत गेले. डिगबोई ताठ झाला. त्यानं पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर आलं. मग तो सुटला. पंधरा मिनिटं पिंजरा दणाणत होता. गाणं संपलं तसा तो खाली आला आणि सांडलेल्या चिकूंमधला एक उचलून खायला लागला.

"पेटी बोलली ना, मॅडम," सुखदेव म्हणाला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. तेव्हापासून आम्ही सगळेच त्या यंत्राला पेटी म्हणू लागलो.

महिन्याभरात डिगबोईचं वजन पूर्ववत झालं. सकाळचं गाणं ऐकायला लोक पहाटे उठून यायला लागले. आमचे संचालक डॉ. बारलिंगे यांनी फाटकावर मोठा फलक लावला. देशात कुठेच असं नाही, असं ते येईल त्याला सांगत, आणि ते खरंही होतं.

*

त्याच सुमाराला माझ्याही घरात सकाळचा आवाज सुरू झाला होता.

निहार पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा. तोही घाईत. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," हे त्याचं आवडतं वाक्य. मी एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लागले की "सांगितलंस ना गं मागच्या वेळी" असं म्हणून तोडून टाकायचा. मधूनच ऐकेनासं व्हायचं, मधूनच भांडण व्हायचं, आणि मग महिनाभर दोघंही फुगून बसायचो. पण त्या गुढीपाडव्यापासून त्याचं काहीतरी बदललं. रोज सकाळी सातला, माझा चहा गाळून होतो न होतो तोच, फोन वाजायचा. तिकडे त्याची संध्याकाळ.

"बोल गं आई. झाला का चहा?"

मी बोलायची. गेंड्याच्या पायाला काटा कसा लागला, पाणघोड्याच्या अंगावर लालसर घाम येतो आणि तेच त्याचं ऊन आणि जंतू अडवणारं मलम असतं हे कळल्यावर एका मुलीनं "मग आईला सांगते, हिप्पोचा घाम आण" असं कसं म्हटलं, माझा गुडघा, शेजारणीची सून. तो ऐकायचा. योग्य ठिकाणी हसायचा. गुडघ्याचं सांगितलं त्यानंतर थोड्याच दिवसांत कुरिअरनं गुडघ्याचा पट्टा आला. मी तो पट्टा ऑफिसात सगळ्यांना दाखवला. खोटं कशाला बोलू, मिरवलाच.

*

दसऱ्यानंतर लोहिता आली. ईशान्येकडच्या एका बचाव केंद्रातली तरुण मादी, आई शिकाऱ्यांनी मारलेली, माणसांनी वाढवलेली. तिला आमच्याकडे मार्चपर्यंत ठेवणार होते. डिगबोईशी जोडी जमली तर ती कायमची इथे, नाही तर दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयात एकटा नर होता, तिकडे जाणार. डिगबोईसाठी पुन्हा मादी मिळेल याची आशा नव्हती. हे जीव रानातच थोडे उरलेत, पिंजऱ्यांत तर बोटांवर मोजण्याइतके. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि हुलॉक पस्तिशीपर्यंत सहज जगतात. म्हणजे लोहिता गेली तर उरलेलं अर्धं आयुष्य पेटीबरोबर.

तिला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलं, मधे फक्त जाळी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गायला सुरुवात केली. चाचरत, चुकत. कोणाकडून शिकायला मिळालंच नव्हतं बिचारीला. डिगबोईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिनीच्या फांदीकडे तोंड करून बसला, साद घातली, पेटीनं उत्तर दिलं, आणि दोघांचं गाणं नेहमीसारखं रंगलं. लोहिता मधे मधे आवाज मिसळायला बघायची. तिला कुठे शिरू म्हणून जागाच मिळत नव्हती.

डिसेंबर संपला तरी यात काही फरक पडला नाही. एका दुपारी रोहिणीनं मला तिच्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

"ही वरची खऱ्या तिनीची. त्यांच्या रात्रीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात सकाळच्या गाण्याचा आवाजही टिपला जायचा, तो मी आता काढला. डिगबोईनं साद घातल्यावर तिला उत्तर द्यायला किती वेळ लागला, त्याची ही रेघ." रेघ डोंगर-दऱ्यांची होती. "कधी लगेच, कधी उशिरा. कधी त्याचं पुरं व्हायच्या आत मधेच घुसली. ह्या इथे आठवडाभर तिनं उत्तरच दिलेलं नाही. रुसली असेल, नाही तर पोट दुखत असेल. आणि ही खालची पेटीची."

खालची रेघ टेबलाच्या कडेसारखी सपाट होती.

"यंत्र बिघडलंय का?" मी विचारलं.

"बिघडलं नाही, फार चांगलं चालतंय. आपण त्याला शिकवायला जी गाणी दिली ती शाळेच्या पोरांसाठी निवडलेली. बिघडलेल्या सकाळी कोणी जपून ठेवतं का? तुम्ही त्या पुसून टाकायचात. त्यामुळे पेटीला वाटतं की तिनी नेहमीच तयार असायची." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "तो लोहिताकडे का जाईल, मॅडम? ती चुकते, उशीर करते, कधी गप्प बसते. इकडे हिला एक क्षणाचाही उशीर नाही. खरा जोडीदार असा नसतो. असा असला तर समजायचं की तो खरा नाही."

मी त्या सपाट रेघेकडे बघत बसले. रोहिणी पुढे काहीतरी बोलत होती, त्यातलं मी फारसं ऐकलं नाही. गुढीपाडव्यापासून आजपर्यंत निहारनं एकदाही उशीर केला नव्हता. एकदाही "नंतर करतो" म्हणाला नव्हता. एकदाही चिडला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हिप्पोच्या घामाची गोष्ट पुन्हा सांगितली, जशीच्या तशी. तो हसला. त्याच ठिकाणी, तेवढंच. दोन दिवसांनी तिसऱ्यांदा सांगितली. पुन्हा हसला आणि म्हणाला, "भारीच आहे गं ती मुलगी."

"सांगितलंस ना गं मागच्या वेळी" एकदाही म्हणाला नाही.

अशी सेवा निघालेली आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. परदेशी गेलेली मुलं घेतात. तुमचे जुने फोन, जुने निरोप ऐकून यंत्र तुमचा आवाज आणि बोलण्याची तऱ्हा उचलतं, आईबापांशी रोज बोलतं, आणि काय बोलणं झालं त्याचा चार ओळींचा सारांश तुम्हाला पाठवतं. गुडघ्याचा पट्टा त्या चार ओळींतून आला असणार. म्हणजे तेवढं तरी त्यानं वाचलं होतं. मी स्वतःला ते दोन-तीनदा सांगून पाहिलं.

आणि याची खात्री करून घेणं काही अवघड नव्हतं. आता कायदाच आहे, समोरच्यानं सरळ विचारलं की "तू माणूस आहेस का?" तर यंत्राला खरं सांगावंच लागतं. विम्याचा फोन आला की आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण आधी हेच विचारतो आणि मग निवांतपणे शिव्या देतो. मलाही एक वाक्य विचारायचं होतं, फक्त एक. मी रोज सकाळी ते ओठांशी आणायची, आणि रोज त्याऐवजी विचारायची, "तिकडे बर्फ पडला का रे?"

*

जानेवारीच्या शेवटी बारलिंगे सरांच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. पेटी बंद करावी असं माझं म्हणणं होतं.

"कशासाठी?" सर म्हणाले. "तो खातो, गातो, तब्येत उत्तम. दाणी मॅडम, आपण फ्लेमिंगोच्या तळ्याला आरसे लावले तेव्हा तुम्हीच माझ्या मागे लागला होता. थवा लहान असला तर ते अंडी घालत नाहीत, आरशात थवा मोठा दिसतो, असं तुम्हीच मला शिकवलं. तीही फसवणूकच होती की."

"आरशामुळे त्यांना धीर येतो, सर. पण ते जोडी एकमेकांशीच जमवतात, आरशातल्याशी कोणी जमवत नाही. डिगबोईनं जमवली आहे. शेजारी जिवंत मादी बसली आहे आणि त्याला तिची गरजच उरलेली नाही."

सुखदेव दाराशी उभा होता. तो माझ्या बाजूनं बोलेल असं मला उगाचच वाटत होतं. "मॅडम," तो म्हणाला, "मागच्या बारीले म्या त्याले हातानं केळं चारलं. पाठीची हाडं दिसून राहिली होती त्याची. एकदा बाई मेली त्याची. आता पेटी बंद केली का पुन्हा मेली समजा. दोनदा काऊन मारता तिले?"

सरांनी मान डोलावली.

"आणि पेटी चालू ठेवली, आणि मार्चमध्ये लोहिता गेली, तर?" मी म्हणाले. "तो पंधरा वर्षं भिंतीशी गात बसेल, सुखदेव. त्याला कळणारही नाही की भिंत आहे. त्याचं काही बरंवाईट झालं तर माझ्यावर येऊ द्या. मी लिहून देते."

आवाज जरा चढला असावा माझा. रोहिणीनं माझ्याकडे चमकून पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की ठीक आहे, पण वजन फार घसरलं तर पेटी पुन्हा चालू.

*

पेटी बंद झाली त्या सकाळी डिगबोईनं साद घातली आणि उत्तर आलं नाही. तो थांबला. पुन्हा साद घातली. मग फांदीपाशी जाऊन त्यानं स्पीकरची जाळी बोटानं चाचपली. लांब, काळी, माणसासारखी बोटं. मी तिथून निघून गेले. बघायला थांबले असते तर मीच बटण दाबलं असतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. तो गायचा नाही. खायचा, पण नावापुरतं. वजनाचा काटा रोज थोडा खाली. सुखदेव माझ्याशी कामापुरतंच बोलायचा आणि तेही दुसरीकडे बघत. लोहिता मात्र रोज सकाळी गायची, एकटीच, चुकीमाकीचं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं असतं.

एका सकाळी बारलिंगे सरांचा निरोप आला की उद्यापासून पेटी चालू करा. मी रोहिणीला घेऊन तेच सांगायला पिंजऱ्याकडे निघाले होते. आम्ही पोचलो तेव्हा लोहिताचं सुरू होतं. ती मधल्या भागात आली, नेहमीच्या ठिकाणी अडखळली आणि थांबली. त्या शांततेत डिगबोईनं हूक दिली.

चुकीच्या जागी दिली. ती दचकली आणि तिनंही त्याच वेळी आवाज काढला. दोघांचे सूर एकमेकांवर आदळले, दोघंही थांबले, दोघांनी एकदमच पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा आदळले. इतकं बेसूर काही मी त्या पिंजऱ्यात कधी ऐकलं नव्हतं. रोहिणी खांबाला टेकून हसत सुटली. "किती वाईट गातात, मॅडम," ती म्हणत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. डिगबोई झोका घेऊन मधल्या जाळीपाशी आला होता. सुखदेव माझ्याजवळ आला, खिशातला एक चिकू काढून माझ्या हातावर ठेवला.

परतताना मी रोहिणीला विचारलं, आता पेटीचं काय करणार.

"सुधारणार," ती म्हणाली. "पुढच्या पेटीला बिघडलेल्या सकाळीही शिकवायच्या. उशीर करायला, रुसायला. ऐकणाऱ्याला कशाची उणीव भासते ते ओळखून तेवढं द्यायचं. नवीन नाही काही, फोनवरच्या आवाजांना हे केव्हाच शिकवलंय."

*

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. मी सगळं सांगितलं, सूर कसे आदळले ते, चिकूचं. "वा आई, मस्तच की. तू करून दाखवलंस," तो म्हणाला. अगदी जे म्हणायला हवं तेच. मला एकाएकी इतकं एकटं वाटलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "निहार, तू कधी उशीर करत नाहीस रे. आताशा चिडतही नाहीस."

क्षणभर पलीकडे काही नव्हतं. मग तो हसला. "चिडू का मग?"

"चहा उतू चालला," म्हणून मी फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या सकाळी सात वाजले आणि फोन वाजला नाही. मी कप समोर घेऊन बसले. चहावर साय धरली. मला राग यायला हवा होता किंवा काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, तो आज मीटिंगमध्ये असेल. वैतागलेला असेल. विसरला असेल. विसरायला तिथे कोणीतरी असावं लागतं.

आठला फोन आला.

"आई, उशीर झाला गं." आवाज बसलेला, घोगरा. "पटकन बोल, मला निघायचंय." आणि तो खोकला, फोन बाजूला न धरता, लहानपणापासून खोकतो तसा.

मी फोन कानाला घट्ट धरला. माझा निहार परत आला होता. नाही तर काल मी जे बोलले ते ऐकून पेटी शहाणी झाली होती. दोन्हींपैकी कोणतंही खरं असू शकत होतं, आणि एका वाक्यात निकाल लागला असता. डिगबोईला विचारता येत नव्हतं, मला येत होतं. पण डिगबोईची पेटी बंद केली तेव्हा जाळीपलीकडे लोहिता होती. माझ्या घरातली बंद केली की फ्रिजचा आवाज उरतो.

"तू..." मी म्हणाले.

"मी काय?"

तो थांबला होता. पलीकडे श्वास ऐकू येत होता, किंचित घरघरणारा.

"तुला सर्दी झाली का रे?"

"हो ना. घसा पार बसलाय."

"मग लिहून घे," मी म्हणाले. "बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचायचं. चार मिरे, पाच-सहा तुळशीची पानं, तिकडे मिळत नसतील तर राहू दे. दोन कप पाण्याचं एक कप होईपर्यंत उकळायचं. गूळ शेवटी घाल, आधी नाही. आणि गरम गरम पिऊन पांघरूण घेऊन झोप. लिहिलंस?"

"लिहिलं," तो म्हणाला, आणि पुन्हा खोकला. मग अद्रक किती घ्यायचं म्हणालीस, असं त्यानं परत विचारलं, आणि मी त्याला परत सांगितलं.